बुगाटी टाइप ३५ ची १:१२ प्रतिकृती : जाडीचा हिशेब

प्रतिकृती करायला बसलेला नवखा माणूस लांबी-रुंदी जिवापाड जपतो आणि जाडीकडे पाहतही नाही. १:१२ या प्रमाणात एक मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला, तर मूळ गाडीच्या हिशेबाने तो बारा मिलिमीटरचा होतो. ते शर्यतीच्या गाडीचे बॉनेट राहत नाही, तिजोरीचे दार होते. अशा प्रतिकृतीची सगळी मापे बरोबर असूनही ती खेळण्यासारखी दिसते आणि तसे का दिसते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. या लेखात बुगाटी टाइप ३५ या जुन्या फ्रेंच शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती बहुतेक भाग हाताने घडवून कशी करावी, हे सांगितले आहे आणि जवळजवळ प्रत्येक पायरीला जाडीचा हिशेब मांडला आहे. सोलापूरकराला तो फारसा नवा वाटू नये. सुताचा नंबर चिमटीत धरून सांगणारी माणसे ज्या शहरात आहेत, तेथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची किंमत वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

गाडी आणि तिचा एक दिवस

एत्तोर बुगाटी यांनी आल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे घडवलेली ही गाडी ३ ऑगस्ट १९२४ रोजी लियाँ येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत प्रथम उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला, पण पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी शर्यत बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली. सुरुवातीच्या गाडीत एका ओळीतील आठ सिलिंडरांचे १,९९१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. पुढच्या ३५ बी या प्रकारात ते २,२६२ घनसेंटिमीटरचे झाले आणि त्याला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, जोडला गेला. प्रतिकृतीसाठी ही गाडी निवडण्याचे माझे कारण मात्र विजयांच्या यादीत नाही. हिच्या चाकांवर मडगार्ड नाहीत; स्प्रिंगा, पुढचा ॲक्सल, ब्रेकच्या तारा, सगळे उघड्यावर आहे. म्हणून करणाऱ्याची मेहनत झाकली जात नाही, आणि अर्थात चूकही झाकली जात नाही.

काम सुरू करण्यापूर्वी केवळ गाडी नव्हे, तर तिचा एक विशिष्ट दिवस निवडावा. ‘निळी बुगाटी’ एवढेच ठरवून बसले, की एका छायाचित्रातले चाक, दुसऱ्यातला आरसा आणि तिसऱ्यातली सीट अशी खिचडी होते. मोनॅकोची पहिली ग्रां प्री १४ एप्रिल १९२९ रोजी ब्रिटिश चालक विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी ३५ बी गाडीतून जिंकली. गाडीचा क्रमांक १२ होता आणि गाडी फ्रेंच असूनही रंग हिरवा होता, कारण हिरवा हा ब्रिटनचा शर्यतीचा रंग. चेक चालक एलिश्का युन्कोव्हा १९२८ च्या टार्गा फ्लोरिओमध्ये ३५ बी घेऊन पाचव्या आल्या. अशा एखाद्या दिवसाची त्याच काळातील छायाचित्रे जमवावीत. फ्रान्समधील म्युलूझच्या संग्रहालयात बुगाटीचा मोठा संग्रह आहे आणि तेथील गाड्यांची रंगीत छायाचित्रे सहज मिळतात, परंतु जतन केलेली गाडी तिच्या ऐन उमेदीच्या काळापेक्षा पुष्कळदा अधिक चकचकीत असते, हे लक्षात ठेवून ती वापरावीत. यांत्रिक रचना समजून घेण्यासाठी आजची छायाचित्रे आणि रूप ठरवण्यासाठी जुनी कृष्णधवल छायाचित्रे, अशी विभागणी मला सोयीची वाटते.

आराखडा छापून आणला, की पट्टी घेऊन तो तपासावा. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४०० मिलिमीटर आहे, म्हणजे कागदावर ते बरोबर २०० मिलिमीटर भरले पाहिजे. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १,२०० मिलिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर. झेरॉक्सच्या यंत्रातून निघालेला आराखडा कधी कधी एकाच दिशेने ताणलेला असतो. म्हणून चाकाचे वर्तुळ उभे आणि आडवे दोन्हीकडून मोजावे. ते अंडाकृती निघाले, तर तो कागद टाकून द्यावा. मी एकदा तसा कागद वापरून तीन आठवड्यांचे काम वाया घालवले आहे.

साहित्याची फेरी

लागणारे बरेचसे सामान शहरातच मिळते. फक्त ते प्रतिकृतीच्या सामानाच्या नावाने मिळत नाही. सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानात बारीक करवतीची पाती, सुई-कानसांचा संच, अर्ध्या मिलिमीटरची ड्रिले आणि टाकणखार मिळतो. ऑफसेट छापखान्यात वापरून झालेल्या ॲल्युमिनिअमच्या प्लेटा भंगारात जातात; त्या ०.१५ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि गाडीच्या अंगासाठी त्याहून चांगला पत्रा मी पाहिलेला नाही. मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे तांब्याची निरनिराळ्या नंबरांची तार असते. हायड्रॉलिक पाइपांच्या दुकानातून ओ-रिंगा, म्हणजे रबरी कडी, आणाव्यात. त्यांचे काय करायचे ते पुढे येईल. जर्मन सिल्व्हरचा पत्रा भांड्यांच्या बाजारात विचारावा. आणि ज्याच्या घराच्या आसपास माग आहेत, त्याने मागाची जुनी मोडकी फणी मागून घ्यावी.

यांखेरीज व्हर्निअर कॅलिपर हवाच. चार-दोन मिलिमीटरच्या वस्तूंच्या या कामात अंदाज चालत नाही, आणि शेकडा दहाची चूक डोळ्याला नाही दिसली तरी जोडताना बोटाला कळते. पॉलिस्टायरीनची अर्ध्या व एक मिलिमीटरची शीट, दोन भागांचा सिलिकॉन रबर, ओतकामाचे रेझिन, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर या वस्तू बाहेरून मागवाव्या लागतात. फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड स्वस्त पडतो, पण त्याच्या कडा फेसाळ राहतात. त्याचा उपयोग कामाचे साचे टेकवण्यापुरताच करावा.

चाके

काम चाकांपासून सुरू करावे, कारण गाडीची उंची, ॲक्सलची जागा आणि बसण्याचा कल या सगळ्या गोष्टी चाकावरून ठरतात. टाइप ३५ ची ओळखही चाकांतच आहे. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांना सर्रास तारांच्या आऱ्यांची चाके असत. बुगाटी यांनी ॲल्युमिनिअमचे ओतीव चाक बसवले, त्याला आठ सपाट आरे दिले आणि ब्रेकचा ड्रम चाकाशीच एकजीव केला. त्यामुळे चाक काढले, की ड्रमही बाहेर येतो आणि ब्रेकचे जोडे समोर दिसतात. एक चाक निखळलेल्या अवस्थेत दाखवायचे असेल, तर हे विसरून चालणार नाही.

पहिल्या टायरांचे माप ७१० बाय ९० होते, म्हणजे बाहेरचा व्यास ७१० मिलिमीटर आणि जाडी ९०. बाराने भागल्यावर व्यास ५९ आणि जाडी साडेसात येते. आतला व्यास ४५ आणि जाडी ७ मिलिमीटर असलेली ओ-रिंग घेतली, तर तिचा बाहेरचा व्यास नेमका ५९ भरतो. जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक नजरेत येत नाही. ही रिंग लाकडी चकतीवर घट्ट बसवून लेथवर सावकाश फिरवावी आणि बाहेरच्या बाजूला ८० नंबरचा पॉलिश पेपर धरावा. तिची गोलाई किंचित दबते, रबराची चमक जाते आणि रस्त्यावर झिजलेला टायर तयार होतो. खाचा हव्या असतील, तर त्याच वेळी टोकदार पात्याने पाडाव्यात.

रिम ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनिअममध्ये काढून घ्यावी. चार रिमांचे काम त्याला क्षुल्लक वाटते आणि ०.१ मिलिमीटरचा आग्रह ऐकून तो हसतो. नमुना म्हणून ओ-रिंग बरोबर न्यावी, म्हणजे बोलणे कमी लागते. बसवायचे सुटे चाक धरून रिमा पाचही कराव्यात. आऱ्यांचा भाग मात्र एकदाच हाताने घडवून त्याच्या प्रती ओतणे शहाणपणाचे. त्यासाठी कागदावर एका बिंदूतून ४५ अंशांच्या अंतराने आठ रेघा माराव्यात, त्यावर काच ठेवावी आणि काचेवर अर्धा मिलिमीटर शीटचे आठ आरे मधल्या हबला चिकटवावेत. आऱ्याच्या कडा धारदार ठेवू नयेत. ओतीव वस्तूला धार नसते, सौम्य गोलाई असते. जेथे आरा हबला मिळतो त्या कोपऱ्यात पुट्टीची बारीक वळी भरून टूथपिकच्या टोकाने ओढून घ्यावी. या एका वळीने चिकटवलेले चाक ओतलेले दिसू लागते.

साच्यासाठी सिलिकॉन रबर ढवळताना हवेचे बुडबुडे शिरतात. म्हणून ते उंचावरून बारीक धारेने साच्याच्या एका कोपऱ्यात सोडावे. रेझिनच्या डब्यावर लिहिलेला घट्ट होण्याचा वेळ थंड प्रदेशाच्या हिशेबाने असतो. एप्रिलमध्ये सोलापुरात तो जवळपास निम्म्यावर येतो, आणि मिश्रण वाटीतच गरम होऊन बसते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे किंवा रेझिनचे दोन्ही भाग आधी तासभर माठाशेजारी गारव्याला ठेवावेत. रेझिनची वाफ छातीत जाऊ देऊ नये. खिडकी उघडी आणि तोंडावर वाफेसाठीचा मास्क, याला पर्याय नाही.

ओतलेल्या चाकाला क्रोमसारखा रंग देण्याचा मोह आवरावा. ॲल्युमिनिअम रंगात करड्याचा थेंब टाकून पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड कापडाने हलकेच चोळावी.

चॅसिस, ॲक्सल आणि फणीच्या काड्या

टाइप ३५ ची चॅसिस सरळ दोन दांड्यांची नाही. वरून पाहिले तर ती अंगाच्या आकाराबरोबर पुढे अरुंद, मध्ये रुंद आणि शेपटीकडे पुन्हा अरुंद होत जाते; बाजूने पाहिले तर मध्ये खोल आणि टोकांना निमुळती दिसते. असा पन्हाळीसारखा भाग एकाच पत्र्यातून वाकवायला गेले, की कडा सुरकुततात. त्यापेक्षा ०.४ मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून उभी बाजू कापावी आणि तिच्या वरच्या व खालच्या कडेला पट्ट्या डाखाने जोडाव्यात. डाव्या-उजव्या बाजूंचे दोन पत्रे एकमेकांना चिकटवून एकदमच कापावेत, म्हणजे फरक राहत नाही.

डाख लावताना क्रम महत्त्वाचा आहे. ज्या सांध्यांवर पुढे पुन्हा उष्णता येणार आहे, ते आधी सोनाराच्या चांदीच्या डाखाने करावेत आणि उरलेले साध्या कथील-शिशाच्या डाखाने, जो १९० अंश सेल्सिअसच्या आत वितळतो. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापडाची चिंधी ठेवावी. काम झाल्यावर सगळी चॅसिस गरम पाणी आणि ब्रशने घासून धुवावी. डाख धरावा म्हणून लावलेला फ्लक्स राहिला, तर तो वर्ष-सहा महिन्यांनी रंगाखालून हिरवा होऊन वर येतो.

पुढचा ॲक्सल हा या गाडीचा दागिना आहे. मूळ ॲक्सल घडीव आणि आतून पोकळ होता आणि पुढच्या स्प्रिंगा त्याच्या वरून किंवा खालून न जाता आरपार जात. प्रतिकृतीत तो पोकळ करण्याची गरज नाही, पण आरपार जाणारी स्प्रिंग दिसलीच पाहिजे. त्यासाठी जर्मन सिल्व्हर किंवा पितळेचे दोन छोटे चौकोनी ठोकळे घेऊन त्यांत आधी कानसेने स्प्रिंगपुरती खाच पाडावी, मग त्यांच्या बाजूंना भोके घेऊन ॲक्सलच्या दांडीचे तीन तुकडे त्यांत चांदीच्या डाखाने बसवावेत. नंतर सगळे मिळून कानसेने एकजीव करावे. दांडी टोकांकडे निमुळती करून घ्यायला दोन संध्याकाळी लागतात. येथे घाई केली तर पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते, कारण गाडीकडे समोरून पाहणारा माणूस रेडिएटरनंतर पहिल्यांदा हाच भाग पाहतो.

स्प्रिंगांच्या पात्यांसाठी फणीतील पोलादी काड्या वापराव्यात. पितळी पट्टीपेक्षा त्या सरळ, एकसारख्या आणि पुरेशा पातळ असतात. एकावर एक पाच-सहा ठेवल्या, की खऱ्या पात्यांच्या चळतीसारख्या दिसतात. त्या कडक असल्याने थेट वाकवायला गेल्यास मोडतात किंवा परत सरळ होतात. लाल होईपर्यंत तापवून आपोआप गार होऊ दिल्या, की नरम पडतात. प्रत्येक पाते वरच्यापेक्षा थोडे आखूड कापावे आणि टोके कानसेने उतरती करावीत. मागच्या स्प्रिंगांची तऱ्हा निराळी आहे: त्या पाव-लंबवर्तुळाकार असून चॅसिसच्या मागच्या टोकाशी घट्ट बसवलेल्या असतात आणि पुढच्या दिशेने ॲक्सलपर्यंत येतात. नेहमीच्या सवयीने त्या उलट्या बसवल्या जाण्याचा संभव फार असतो.

त्या काळातील अनेक शर्यतीच्या गाड्यांच्या स्प्रिंगांवर दोर गुंडाळलेला दिसतो. हा दोर दोन मिलिमीटरचा धरला, तर १:१२ मध्ये तो ०.१७ मिलिमीटरचा हवा. कापसाच्या सुताचा व्यास काढण्याचे जुने सूत्र असे आहे, की सुताच्या नंबराचे वर्गमूळ काढून त्याला २८ ने गुणावे आणि एक इंचाला त्या संख्येने भागावे. दुपदरी साठ नंबरचे सूत एकेरी तीसच्या बरोबरीचे असते. तीसचे वर्गमूळ सुमारे ५.४८, त्याला २८ ने गुणले की १५३ येतात, आणि इंचाचा १५३ वा भाग म्हणजे ०.१६६ मिलिमीटर. दुपदरी साठ नंबर हे अगदी हवे तेच सूत आहे, आणि ते शोधायला सोलापूरकराला शहराबाहेर जावे लागत नाही. चादरीचे जाड सूत मात्र घेऊ नये. त्याचा १:१२ मध्ये जहाजाचा दोर होतो. सुताची लव हीच येथली खरी अडचण असते. सूत मेणावरून दोनदा ओढावे, मग मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झपाट्याने न्यावे, म्हणजे लव जळते आणि सूत राहते. गुंडाळताना दोन वेढ्यांत फट ठेवू नये.

पत्र्याचे अंग

मूळ गाडीचे अंग सुमारे एक मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअम पत्र्याचे होते. त्याचा बारावा भाग ०.०८ मिलिमीटर होतो आणि तेवढा पत्रा हातात धरला तरी चुरगळतो. छापखान्याची ०.१५ ची प्लेट हा व्यवहार्य मध्यम मार्ग आहे. जेथे पत्र्याची कड उघडी दिसते, म्हणजे बसण्याच्या जागेच्या काठावर आणि बॉनेटच्या सांध्यावर, तेथे ती आतून पॉलिश पेपरने घासून आणखी पातळ करावी. डोळा फक्त कड पाहतो. आत पत्रा किती जाड आहे हे त्याला कळत नाही.

प्रथम शिवणीच्या लाकडात अंगाचा ठोकळा कोरावा. शिवण मऊ आणि बारीक पोताची असल्याने तिच्यावर पत्र्यात रेषा उमटत नाहीत. ठोकळा पत्र्याच्या जाडीइतका लहान ठेवायचा असतो, हे विसरू नये. प्लेटेवरची शाई थिनरने पुसून घ्यावी, मग तिच्यावर कोरडा साबण फिरवून मागच्या बाजूने गॅसच्या ज्योतीने तापवावे. साबणाची रेघ काळी पडली, की ॲल्युमिनिअम नरम झाले असे समजून ज्योत तत्काळ दूर करावी. त्यापुढे थोडे अधिक तापवले तर पत्रा डोळ्यांदेखत वितळून भोक पडते. नरम पत्रा ठोकळ्यावर धरून लाकडी दांड्याच्या गोल टोकाने मधून बाहेर असा घासत बसवावा. घासताना तो पुन्हा कडक होतो, तेव्हा पुन्हा साबण आणि पुन्हा ज्योत. शेपटीचा निमुळता भाग एका तुकड्यात येत नाही. डावा आणि उजवा असे दोन अर्धे करून मधोमध जोडावेत. माझ्या पहिल्या बॉनेटच्या आत कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची पुसट अक्षरे राहून गेली आहेत. ती मी मुद्दाम पुसली नाहीत.

बॉनेटवरच्या हवेच्या फटी, ज्यांना लूव्हर म्हणतात, त्या रंगाने किंवा पट्टी चिकटवून दाखवू नयेत. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घासून एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला गोलाई येईल असे करावे. पत्रा कडक रबरावर पालथा ठेवून हे टोक एका ठोक्यात दाबावे. धारेच्या बाजूला पत्रा चिरतो आणि दुसऱ्या बाजूला फुगतो. हाताला लय येईपर्यंत शंभरेक फटी टाकाऊ पत्र्यावर मारून पाहाव्यात, आणि खऱ्या पत्र्यावर एकदा सुरू केले की ती ओळ संपेपर्यंत उठू नये. चहा पिऊन आलेल्या हाताचा ठोका निराळा पडतो.

घोड्याच्या नालेच्या आकाराचे रेडिएटरचे कवच जर्मन सिल्व्हरमध्ये करून नुसते पॉलिश करावे. त्या काळच्या चकचकीत भागांवर क्रोम नसे, निकेल असे. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि उबदार असते, आणि जर्मन सिल्व्हर तिच्या फार जवळ जाते. आतील जाळीसाठी अर्धा मिलिमीटर अंतराने विणलेली पितळी जाळी काळी करून बसवावी.

इंजिन आणि डॅशबोर्ड

बॉनेट बंदच ठेवायचे असेल, तर इंजिन न करता काम भागते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. करायचेच असेल, तर चार-चार सिलिंडरांचे दोन काटकोनी ठोकळे हा त्याचा गाभा आहे. बुगाटीच्या इंजिनाचे पृष्ठभाग गुळगुळीत आणि चौकोनी असून त्यांवर हाताने खरवडल्याच्या बारीक खुणा दिसतात. काचतंतूच्या पेनाने आखूड, वेगवेगळ्या दिशांच्या रेघा मारल्या की तसा पोत येतो. स्पार्क प्लगच्या तारा मुळात सुमारे ७ मिलिमीटर जाड, म्हणून प्रतिकृतीत ०.६. ब्रेकच्या तारांसाठी बारीक तांब्याचे पदर पीळ घालून घ्यावेत.

डॅशबोर्डवर ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर एकमेकांवर चढलेल्या छोट्या वर्तुळांची नक्षी असते आणि मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र, त्यातून बाहेर डोकावतो. ही नक्षी रंगवता येत नाही, करावीच लागते. एक मिलिमीटरची लाकडी काडी हाताच्या ड्रिलमध्ये धरून तिच्या टोकाला धातूचे पॉलिश लावावे, पत्र्यावर टेकवून दोन सेकंद फिरवावे, मग अर्ध्या मिलिमीटरने पुढे सरकावे. पट्टी टेकवून सरळ ओळीत काम करावे. स्टिअरिंगचे कडे लाकडी असते. ते खऱ्या लाकडाच्या पातळ सालीतून केले तरी चालते, पण रेषा बारीक असलेले लाकूड घ्यावे.

चामड्याच्या सीटसाठी बकऱ्याचे पातळ चामडे मागून घासून आणखी पातळ करावे. जाड चामड्याच्या सुरकुत्या १:१२ मध्ये हत्तीच्या कातडीसारख्या दिसतात.

बुगाटीच्या अनेक बोल्टांच्या डोक्यांत भोक पाडून ती तारेने एकमेकांना बांधलेली असत, म्हणजे हादऱ्यांनी सैल होत नसत. एक मिलिमीटरची तार १:१२ मध्ये ०.०८ ची होते. वाइंडिंगची ४४ नंबरची तार नेमकी तेवढी असते. बोल्टांची डोकी जर्मन सिल्व्हरच्या बारीक षटकोनी सळईचे काप घेऊन करावीत आणि ०.३ च्या ड्रिलने भोक पाडावे. ड्रिले मोडतात, डझनभर घेऊन ठेवावीत. सगळ्या बोल्टांना तार घालण्याचा हट्ट धरू नये, नजरेच्या टप्प्यातल्या वीस-पंचवीसांना पुरे.

रंग आणि सोलापूरची हवा

ॲल्युमिनिअमवर साधा प्रायमर टिकत नाही, नखाने सोलून निघतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एच (etch) प्रायमर मागावा आणि त्याचा एकच, जवळजवळ पारदर्शक हात द्यावा. येथेही जाडी मोजावी. फवाऱ्याचा एक ओला हात वाळल्यावर साधारण २५ मायक्रॉनचा होतो. असे पाच हात दिले तर ०.१२५ मिलिमीटर होतात, म्हणजे मूळ गाडीवर दीड मिलिमीटर रंग फासल्यासारखे. लूव्हर भरून येतात आणि रिव्हेटांची डोकी बुजतात. प्रायमर धरून एकूण ५० मायक्रॉनच्या आत काम संपवावे. रंग पातळ करावा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा आणि चमक हवी असेल तर जाड लॅकरऐवजी शेवटचा हात २,००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून पॉलिश करावा. फ्रान्सचा निळा असो वा मोनॅकोचा हिरवा, डबीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळावा. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद दिसतो.

सोलापुरात रंगकामाचे दिवस निवडून घ्यावे लागतात. मार्चअखेरपासून दुपारच्या उन्हात फवाऱ्याचे थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतात आणि रंग खरखरीत, भुकटीसारखा बसतो. तेव्हा सकाळी आठच्या आत काम करावे आणि सावकाश वाळवणारा थिनर वापरावा. सप्टेंबरच्या पावसात उलट होते: लॅकर वाळताना हवेतला ओलावा धरतो आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत रंग उरकायचा, असा मी मनाशी नेम ठेवला आहे.

धूळ टाळण्यासाठी जमिनीवर पाणी शिंपडून अर्धा तास थांबावे, हे सर्वत्र सांगतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. घराच्या पलीकडे माग चालू असतील, तर हवेत कापसाची लव तरंगत असते आणि ती ओल्या रंगावर आल्यावाचून राहत नाही. माझ्या निळ्या बुगाटीच्या शेपटीवर ती आली होती. ओला रंग असताना चिमट्याने ओढायला गेलो आणि एका केसाच्या जागी बोटभर ओरखडा झाला. लव बसली तर हात लावू नये. रंग पूर्ण वाळू द्यावा, मग वॉटर पेपरने तेवढाच भाग घासावा आणि पुन्हा एक हात द्यावा. मागांची सुट्टी असेल त्या दिवशी रंगवणे सर्वांत सोपे.

क्रमांकाचे आकडे त्या काळी हाताने रंगवलेले असत. मास्किंग टेपमध्ये कोरून एअरब्रशने मारल्यावर एखाद्या कडेला बारीक ब्रशचा हात फिरवावा. शर्यतीची धूळ दाखवायची असेल, तर फिक्या राखी-पिवळ्या खडूची पूड चाकांमागे आणि शेपटीच्या खालच्या भागावर कोरड्या ब्रशने लावावी. आपल्या शेतातल्या काळ्या मातीच्या रंगाची सवय डोळ्याला असते. ती तेथे वापरली तर गाडी सिसिलीतून नव्हे, मोहोळच्या रस्त्यावरून आल्यासारखी दिसते.

जोडणी

आधी चॅसिस, मग स्प्रिंगा आणि ॲक्सल, मग चाके तात्पुरती लावून गाडी काचेवर ठेवावी. चारही चाके एकाच वेळी टेकली पाहिजेत. एक चाक कागदाच्या जाडीने जरी वर राहिले, तरी ते आत्ताच स्प्रिंगेच्या टोकाशी पातळ पट्टी घालून दुरुस्त करावे. अंग बसवल्यावर तेथे हात पोहोचत नाही. त्यानंतर ब्रेकच्या तारा, डॅशबोर्ड, सीट, अंग, रेडिएटर आणि सर्वांत शेवटी बॉनेटवरचा चामडी पट्टा. तारा आणि बारीक भाग फेविक्विकने चिकटवताना तिची पांढरी वाफ पॉलिश केलेल्या धातूवर बसते. अशा जागी अराल्डाइट सुईच्या टोकाने लावावे. प्लॅस्टिकच्या भागांना चिकटवण्याचे द्रावण रबराजवळ नेऊ नये.

तयार गाडी काचेच्या पेटीत ठेवताना तिचे वजन चाकांवर सोडू नये. मे महिन्यात बंद पेटीतील हवा बरीच तापते आणि रेझिनचे आरे सततच्या भाराखाली हळूहळू वाकतात. चॅसिसच्या मधोमध खालून दोन पितळी खुंट्या देऊन गाडी पटावर अशी बसवावी, की टायर पटाला नुसते शिवतील.